जामखेडची मुक्कामाची रात्र

आमच्या डेटाबेसमध्ये एकच बाई चार ठिकाणी होती. गरोदर मातांच्या यादीत एकदा, क्षयरुग्णांच्या यादीत एकदा, कमी वजनाच्या मुलाची आई म्हणून तिसऱ्यांदा आणि ‘स्थलांतरित कुटुंब’ या सदरात चौथ्यांदा. चारही ठिकाणी नाव थोडं वेगळं लिहिलेलं. कुठे आडनाव माहेरचं, कुठे सासरचं. त्यामुळे सिस्टिमच्या दृष्टीनं त्या चार वेगळ्या बायका होत्या, आणि चौघींचं बरं चाललं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो तिनं आशाताईंसाठी एक अॅप बनवलं. त्याचा बॅकएंड आमच्या टीमकडे होता. पायलटसाठी मराठवाड्यातला एक तालुका मीच सुचवला, कारण माझी मावशी तिथे पंधरा वर्षं आशा आहे. ओळखीचं माणूस असलं की फीडबॅक लवकर मिळतो, एवढाच हिशोब. अॅपमधून माहिती थेट वर जाऊ लागली, प्रशिक्षणाचे व्हिडिओ फोनवर आले. मग कुणीतरी ठरवलं की आशांना दर महिन्याला आरोग्य केंद्रात बैठकीला बोलावण्याची गरज उरली नाही. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड होती : दर आशामागे महिन्याला वाचलेले तास. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्या दिवाळीत मावशीकडे गेलो. फराळाचं ताट पुढे ठेवत ती म्हणाली, ‘‘तुमच्या त्या अॅपनं बैठक बंद केली व्हय रे?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, बरंच आहे ना? तुझाच जीपचा खर्च वाचला. तिथे नुसते फॉर्म तर भरायचीस.’’

‘‘फॉर्म अर्धा तास. बाकीचा वेळ आम्ही लिंबाखाली डबा खात बसायचो, तेव्हा काय करायचो सांग बरं?’’

मला माहीत नव्हतं. तिनं जे सांगितलं ते असं. क्षयाच्या रुग्णाला ऊसतोडीला जावं लागलं तर गोळ्या मध्येच सुटतात. शेजारच्या गावच्या एका जुन्या आशाताईनं यावर उपाय काढला होता. टोळी निघायच्या आधी मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि त्याचा फोन नंबर घ्यायचा, तिकडच्या आरोग्य केंद्राला सिस्टरकरवी कळवायचं, आणि उपचाराच्या कार्डाच्या मागे दोन्ही नंबर लिहून द्यायचे. हे कुठल्याही मॉड्यूलमध्ये नाही. लिंबाखाली एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. बैठक बंद झाली त्या वर्षी एका गावात नवीन आशा लागली. तिला हे कुणी सांगितलंच नाही. आमच्या डेटाबेसमधली ती चार ठिकाणची बाई तिच्याच गावची. पोटुशी, एक कमी वजनाचं मूल कडेवर, नवऱ्यानं मुकादमाची उचल घेतलेली. ती टोळीबरोबर गेली आणि दोन महिने गोळ्यांवाचून राहिली. परत आली तेव्हा काठीसारखी झाली होती.

मावशी रागावली नव्हती. तिचा प्रश्न साधा होता, ‘‘आता कुणाला विचारायचं?’’

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर मिळालं ते आमच्या नगर जिल्ह्यातच, जामखेडला. शाळेत असताना एसटीच्या पाटीवर कितीदा ते नाव वाचलं होतं. तिथे काय घडलं होतं हे कळायला अठ्ठावीस वर्षं आणि एक चुकलेलं अॅप लागलं.

गोष्ट दोन डॉक्टरांपासून सुरू होते. रजनीकांत आरोळे आणि मेबल यांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. १९६० मध्ये लग्न करताना त्यांनी खेड्यात काम करायचं ठरवलं होतं. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम केल्यावर त्यांना एक गोष्ट छळू लागली. बरी करून पाठवलेली माणसं तोच आजार घेऊन परत येत होती. खाटा भरलेल्या आणि गावं होती तशीच. (आमच्या धंद्यात याला म्हणतात दर आठवड्याला तोच सर्व्हर रीस्टार्ट करणं.) ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले.

ते दुष्काळाचं तोंड होतं. पुढे १९७२ चा दुष्काळ म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी राहिला तो. डॉक्टर आरोग्याची योजना घेऊन आले होते, गावानं सांगितलं : आधी पाणी, आधी अन्न. इथे पहिल्यांदा डॉक्टर शिकले. लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, विंधन विहिरी घेतल्या गेल्या. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसतील असं पाहिलं गेलं. म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावानं तिकडे जायचं. भाषण न करता जातीच्या भिंतीला दार पाडण्याची ही रीत मला फार आवडली. इंजिनिअर म्हणून सांगतो, उत्तम डिझाइन होतं.

दुसरा धडा महाग पडला. मूळ आराखड्यात प्रत्येक गावात प्रशिक्षित परिचारिका, म्हणजे एएनएम, राहणार होती. कागदावर चोख. प्रत्यक्षात तरुण, शिकलेल्या, परगावच्या मुलींना एकटीनं खेड्यात राहणं कठीण गेलं आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळ्या झाल्या नाहीत. बाळाला पहिले तीन दिवस अंगावर का पाजत नाहीत, जुलाब झालेल्या मुलाचं पाणी का तोडतात, या गोष्टी परक्या मुलीला कोण सांगणार? तेव्हा गावातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. निवड गावानं करायची. आल्या त्या बहुतेक मध्यमवयीन, बऱ्याचशा निरक्षर, अनेक जणी दलित. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली.

इथे थोडं थांबतो. हल्ली धोरणांच्या भाषेत ‘बहुविध वंचितता’ असा एक शब्द असतो. एका माणसावर गरिबी, जात, आजार, बेघरपण, घरातली मारहाण असं सगळं एकदम कोसळलेलं असतं, आणि मदत करणारं प्रत्येक खातं त्यातला आपल्या वाट्याचा एकच तुकडा बघतं. क्षयवाल्यांना क्षय दिसतो, पोषणवाल्यांना वजन. आमच्या चार नोंदी म्हणजे हेच. अशा माणसाला आधार द्यायचा तर वेगवेगळे तुकडे बघणाऱ्यांना एकत्र बसून एकमेकांकडून शिकावं लागतं. एवढं सगळे मान्य करतात. जामखेडनं एक पाऊल पुढे टाकलं. ज्या बायकांवर हे सगळं कोसळलं होतं त्यांनाच त्या बैठकीत बसवलं, आणि तेही शिकवणाऱ्यांच्या बाजूला.

कसं, ते नीट सांगायला हवं, कारण नंतर सगळ्यांनी नेमकं हेच गाळलं.

गावातल्या या आरोग्य कार्यकर्त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि एक रात्र मुक्काम करायच्या. एकदा प्रशिक्षण घेतलं आणि सर्टिफिकेट लावलं भिंतीवर, असा प्रकार नव्हता. वर्षानुवर्षं हे येणं चालू राहिलं. सुरुवात आरोग्यापासून नव्हतीच. स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला शिकणं हा पहिला धडा होता. अमक्याची आई, तमक्याची बायको असंच ज्यांनी जन्मभर ऐकलं त्यांना हे जड गेलं. एकत्र जेवणाचाही प्रश्न होता, कारण सगळ्या जाती तिथे होत्या. मग त्या एकत्र जेवू लागल्या, रात्री एकाच मोठ्या पांघरुणात झोपू लागल्या.

मग प्रत्येकीनं आपल्या गावातलं सांगायचं. कोण गरोदर, कुणाच्या मुलाचं वजन वाढत नाही, कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, कुठली सासू ऐकत नाही. एकीनं अडचण मांडली की दुसरी सांगायची, माझ्याकडे असं झालं तेव्हा मी असं केलं. डॉक्टर आणि सिस्टर त्यात भर घालायचे, चुकलं तर दुरुस्त करायचे. स्वच्छ ब्लेडनं नाळ का कापायची, धनुर्वाताची लस का, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हे सगळं अशा चर्चेतून पुन्हा पुन्हा यायचं. लिहिता येत नसल्यानं पाठांतर, गाणी आणि चित्रं. पुढच्या आठवड्यात तीच बाई येऊन सांगायची, तुम्ही म्हणालात तसं केलं, पण सासूनं पाणी फेकून दिलं. मग पुन्हा चर्चा.

आमच्याकडे मोठं काही बंद पडलं की दुसऱ्या दिवशी ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. कुणाला दोष न देता काय झालं ते सगळ्यांनी मिळून लिहायचं. सिलिकॉन व्हॅलीची देणगी म्हणून आम्हाला ते शिकवलं गेलं. जामखेडच्या बायका सत्तरच्या दशकात दर आठवड्याला ते करत होत्या, आणि त्यांच्याकडे बंद पडायचं ते मूल असायचं.

यात डॉक्टरांचं काय झालं हेही बघा. कुष्ठरोगाचा वेगळा दवाखाना, वेगळा कर्मचारी, वेगळा दिवस ही तेव्हाची पद्धत होती. त्यामुळे त्या दारात उभं राहणं म्हणजे गावभर बोभाटा. जामखेडमध्ये कुष्ठरोग आणि क्षय बाकीच्या आजारांच्या रांगेतच आणले गेले. बधिर चट्टा गावातल्या ओळखीच्या बाईनं सहज बोलता बोलता शोधायचा आणि उपचारही तिच्याच नजरेखाली चालायचे. गावात फिरणाऱ्या पथकातही नर्स, समाजसेवक, ड्रायव्हर अशी कामांची कडक वाटणी ठेवली नाही, एकाचं काम दुसऱ्याला यायला हवं. पदवीधरांना हे सोपं गेलं नसणार. मी माझ्यावरून सांगतो. आमच्या टीममध्ये टेस्टिंगवाल्यानं माझ्या कोडमध्ये चूक काढली की मला अजून पाच मिनिटं लागतात शांत व्हायला.

आकडे सांगायला हवेत. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. स्वतःचे आकडे म्हणून कुणी शंका घेईल, घ्यावीच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं प्रकल्पातल्या गावांची आजूबाजूच्या तशाच गावांशी तुलना केली. तेव्हाही प्रकल्पाच्या गावांत लहान मुलांचे मृत्यू बरेच कमी आढळले.

मॅगसेसे पुरस्कार १९७९ मध्ये मिळाला, पण बाहेरच्या जगाला जामखेड कळलं होतं त्याच्या आधीच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जगभरातल्या मोजक्या प्रयोगांमध्ये जामखेडवर प्रकरण होतं. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला. त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव उभा होता. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि लांब. मग त्यांनी साधे दिवे काढले आणि एकावरून दुसरा लावून दाखवला. ही गोष्ट खूप ठिकाणी सांगितली जाते, बहुतेक वेळा साधेपणाचं कौतुक म्हणून. मला त्यातली दुसरी क्रिया महत्त्वाची वाटते, दिव्यावरून दिवा लावण्याची. त्यासाठी दोन दिवे जवळ यावे लागतात.

आता गाळण्याचा इतिहास.

२ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारनं देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक माणूस, प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. जामखेड आणि तशाच इतर प्रयोगांचा बोलबाला होताच. पण निवडले गेले ते बहुतांश पुरुष, अनेकदा गावातल्या वजनदारांचे जवळचे. तीन महिने शिकवलं, औषधांची पेटी दिली आणि सोडलं. योजनेचं नाव काही वर्षांत दोनदा बदललं : आधी ‘कार्यकर्ता’चा ‘स्वयंसेवक’ झाला, मग ‘आरोग्य रक्षक’. हळूहळू ती विझली. सरकारनं जामखेडहून पेटी उचलली, माणूस उचलला. मुक्कामाची रात्र तिथेच राहिली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. या वेळी बाई हवी हा धडा शिकलेला होता, गावातलीच हवी हाही. आज देशात दहा लाखांहून जास्त आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरवही केला. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण सुरुवातीच्या नियमांनुसार २३ दिवसांचं होतं, पाच टप्प्यांत. राज्यानं जिल्ह्याला शिकवायचं, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं आशाला. फोटोचा स्क्रीनशॉट, त्याचा पुन्हा व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट, असं केल्यावर चेहरा जसा दिसतो तसं ज्ञान शेवटी पोचतं. शिवाय हे एकाच दिशेनं वाहतं. खालून वर आकडे जातात, अनुभव जात नाही. मुकादमाच्या नंबराची युक्ती राज्याच्या प्रशिक्षकापर्यंत पोचायला रस्ताच नाही.

जामखेडला देव्हाऱ्यात बसवायचं नाही मला. तिथे दोन विलक्षण डॉक्टर होते, परदेशी देणग्या होत्या, गावं मोजकी होती. दहा लाख बायकांना दर आठवड्याला मुक्कामी बोलावणं सरकारला कसं जमेल, हा प्रश्न रास्त आहे. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. त्या बायकांना पगाराची नोकरी नव्हती. सेवेच्या नावाखाली गरीब बाईचे श्रम स्वस्तात घ्यायची आपल्याकडे सवयच आहे, आणि आशांना मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर बसावं लागतं ते त्यामुळेच. जामखेडचं बोट दाखवून कुणी आशांना ‘त्यागाचं’ पाठ देऊ लागलं तर मावशीच्या आधी मी भांडेन. पण पगाराचा प्रश्न सुटला तरी विचारायचं कुणाला हा प्रश्न राहतोच.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची मुलं काम पुढे नेतायत. वेगवेगळ्या देशांतून लोक तिथे शिकायला येतात, आणि शिकवणाऱ्यांत गावातल्या त्या कार्यकर्त्याही असतात. जामखेड आता पूर्वीचं राहिलं नाही. खासगी दवाखाने आले, मोबाइल आला, जिल्ह्याचं नावही बदलून अहिल्यानगर झालं.

आमच्या अॅपचं काय झालं? चार नोंदी एकत्र करायचं तिकीट मी दिवाळीहून परतल्यावर उघडलं होतं. त्याखाली लिहिलं की आशांना एकमेकींना प्रश्न विचारता येतील अशी जागाही हवी, आणि त्याहून आधी ती बैठक परत सुरू करा असं आपण कळवायला हवं. प्रॉडक्ट मॅनेजरनं विचारलं, याचा मेट्रिक काय? मला सांगता आलं नाही. लिंबाखाली डबा खात घालवलेले तास मी कुठल्या रकान्यात मांडणार होतो? तिकीट ‘नंतर बघू’च्या यादीत गेलं. वर्षभरानं मीही कंपनी सोडली.

मावशी माझ्या मेट्रिकसाठी थांबली नव्हती. तिच्या आजूबाजूच्या गावांतल्या आठ-नऊ आशा आता बाजाराच्या दिवशी तिच्याकडे जमतात. जीपचं भाडं ज्याचं त्यानं. त्या नवीन आशेला सगळ्यात आधी बोलावलं होतं. चार ठिकाणची ती बाई पुन्हा गोळ्या घेऊ लागली. पुढच्या हंगामात ती टोळीबरोबर गेली तेव्हा कार्डामागे दोन नंबर होते.

गेल्या दसऱ्याच्या आधी मावशीचा फोन आला. ‘‘बाळा, तुला टाइप करता येतं ना? मुकादमांची आणि कारखान्यांच्या दवाखान्यांची यादी केलीय आम्ही. वहीचे फोटो पाठवते. नीट कागद करून वीस प्रती पाठव. अॅप नको, कागद.’’

मी दोन संध्याकाळी बसून तो तक्ता केला, गावांची नावं दोनदा तपासली आणि प्रती कुरिअर केल्या. परवा गेलो तेव्हा तिच्या पिशवीत ती प्रत होती. घड्या पडून फाटायला आलेली. तीन नंबर खोडून वर पेननं नवे लिहिले होते, दोन कारखान्यांपुढे बंद असं लिहिलं होतं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार वेगळ्या हस्ताक्षरांत अजून काहीतरी. मी म्हटलं, दे, दुरुस्त करून नवीन काढतो. ती म्हणाली, थांब, अजून तिघींचं यायचंय.